दामलेकाकांना कळायला नको

मॅच असली की आमच्या शेजारचे दामलेकाका कानांत कापूस घालून भाजी आणायला जातात. कोलकात्याच्या सॉल्ट लेकमध्ये हे करून बघा! इथे विकेट पडली की चहाची प्रत्येक टपरी ओरडून अख्ख्या गल्लीला कळवते. काका मात्र निकाल न कळता दुसऱ्या दिवशी सावकाश मॅच बघणार. "सांगू नका!" हा त्यांचा धोशा. डॉक्टरांनासुद्धा तेच: "गोळी द्या, शुगर किती ते सांगू नका."

बँकेतून निवृत्त होऊन कोलकात्यातच राहिलेला हा एकटा जीव आनुवंशिक आजारांच्या एका संशोधनासाठी रक्त देऊन आला. फॉर्मवर विचारलं होतं, काही सापडलं तर तुम्हाला सांगायचं का? नातेवाइकांना कळवायचं का? पठ्ठ्याने दोन्हीकडे 'नको'वर खूण केली, आणि वर मला कौतुकाने सांगितलं.

"अहो, पण मालूताईंना विचारलंत का?" त्यांची धाकटी बहीण सांगलीला असते.

"आमच्या घराण्यात कुणालाच कळायला नको असतं," काका म्हणाले. झालं!

काही महिन्यांनी त्या संशोधन केंद्रातल्या समुपदेशक मुलीचा काकांना फोन आला. तुम्ही नको म्हणालात म्हणून सांगत नाही. पण बहिणीच्या उपयोगाचं काहीतरी आहे, वेळेवर कळलं तर उपाय आहे. निर्णय बदलायचाय का?

काका तरातरा माझ्याकडे आले. "याला न सांगणं म्हणतात? अर्धं सांगूनच टाकलं की हिने!" मग चहा घेता घेता आवाज खाली आला. "असं करा, तुम्ही जाऊन ऐका, मालूला कळवा. मला नको. मी तसं लिहून देतो."

मी भडकलेच. "आणि रोज तुमच्यासमोर चेहरा कसा ठेवू मी? जीव तिचा, 'नको' म्हणणारे तुम्ही कोण? आधी तिला फोन लावा!"

लावला. मालूताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "अण्णा, मला कळायला हवं. पण मी एकटीने नाही हं ऐकणार."

गुरुवारी आम्ही दोघं गेलो, मालूताई फोनवर. त्या मुलीने हिंदीत, सावकाश सांगितलं: हृदयाचा दोष आहे, घराण्यातून येणारा. काकांना आहे; ताईंना असेल किंवा नसेल, तपासावं लागेल. काकांनी सगळं ऐकलं, दोनदा विचारून कागदावर लिहून घेतलं. फोनवर हुंदका ऐकू आला तसे म्हणाले, "मी येतोय गं. तुझं रक्त घेतील तेव्हा शेजारी बसतो."

बाहेर आलो. ऑटोची वाट बघत उभे असताना काका माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

"आमची आई अशीच गेली हो. चुलीपुढे कोसळली. डॉक्टर आले, आणि ते काय सांगणार ते ऐकायला नको म्हणून मी न्हाणीघराची आतून कडी लावून बसलो. मी, थोरला! मालूने एकटीने ऐकलं. नऊ वर्षांची होती."