आठव्या घरात नवा भाडेकरू

मागच्या वर्षी परदेशातल्या शास्त्रज्ञांनी सभा भरवून प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढलं, तेव्हा सेलूचे कापड दुकानदार मधुकरराव भलतेच हळहळले. काढायचाच होता तर मंगळ का नाही काढला? प्लूटोनं कुणाचं काय बिघडवलं होतं! मंगळानं मात्र त्यांच्या मयुरीची तीन स्थळं मोडली होती. तिच्या पत्रिकेत तो आठव्या घरात असा ठाण मांडून बसला होता की पाहुणे यायचे, पोहे खायचे, पोरीचं तोंड भरून कौतुक करायचे, पत्रिका घेऊन जायचे आणि तिसऱ्या दिवशी निरोप यायचा, "योग नाही."

चौथं स्थळ हिंगणघाटचं होतं. मुलगा भूपेंद्र, चोवीस वर्षांचा, वडिलांच्या बियाण्यांच्या दुकानात बसणारा. पाहायला आला तेव्हा त्यानं मयुरीला स्वयंपाकाचं न विचारता बी.एस्सी.ला काय शिकवतात ते विचारलं आणि तिचं उत्तर संपेपर्यंत ऐकून घेतलं. मयुरीला तो तिथंच आवडला. आता रविवारी तो आणि त्याचे आईवडील पत्रिकेचा निकाल सांगायला येणार होते. सतरा मेपासून अधिक महिना लागत होता, म्हणजे लग्न व्हायचं तर त्याआधीच. निकाल काय येणार हे मधुकररावांना पाठ होतं.

गुरुवारी सकाळी ते कूलरमध्ये पाणी भरत असताना मयुरी पेपर घेऊन आली.

"बाबा, हे पाहा. दुसऱ्या एका ताऱ्याभोवती पृथ्वीसारखा ग्रह सापडला. पाणी असू शकते म्हणते तिथं. गरमी शून्य ते चाळीस डिग्री असंल, असा अंदाज हाय."

"चाळीसच?" इथं दुपारी पारा पंचेचाळीसला जायचा. "मंग आपल्यापेक्षा बरं हाय की! किती दूर हाय?"

"वीस प्रकाशवर्षं. म्हणजे तिथून निघालेला उजेड आपल्यापर्यंत पोचाले वीस वर्षं लागते."

मधुकररावांनी बादली खाली ठेवली. मयुरीचं विसावं चैत्रातच संपलं होतं.

"म्हणजे तू जन्मली तवा निघालेला उजेड आता पोचून राह्यला?"

"हो. पण बाबा, त्याचा…"

"पत्रिकेत घेतला काय त्याले कोणी?"

"त्याले काऊन घेतीन पत्रिकेत! अशे दोनशेच्या वर सापडले आजवर."

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथं तर अख्खा ग्रह हाती लागला होता. मधुकररावांनी सदरा चढवला, पेपर घडी करून खिशात घातला आणि तडक अण्णाजी जोतिष्यांचं घर गाठलं. मयुरीची पत्रिका अण्णाजींनीच मांडलेली होती. चाळीस वर्षांच्या धंद्यात त्यांनी "मले माहीत नाई" हे वाक्य एकदाही उच्चारलं नव्हतं.

"महाराज, हा ग्रह तुमच्या पंचांगात काऊन नाई?"

अण्णाजींनी चष्मा लावून बातमी दोनदा वाचली. "आपल्या पूर्वजांले तो ठाऊकच होता. पण उजेड पोचला नव्हता, म्हणून लिहिला नाई."

"आता पोचला. आता तरी लिहा."

"लिहितो ना. घाई काऊन करता?" अण्णाजींनी डोळे मिटले, बोटांची पेरं मोजली आणि लाल शाईनं आठव्या घरात, मंगळाच्या शेजारी, एक गोल काढला. "इथं बसते तो. मंगळावर नजर ठेवाले. आता मंगळ हालचाल करत नाई."

मधुकररावांनी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. मयुरीनं घरी तो लाल गोल पाहिला आणि ती बापाला खूप बोलली. पण बोलता बोलता तिला हिंगणघाट आठवलं असावं. मग तिनं पत्रिका नीट घडी करून कपाटात ठेवली.

रविवारी पाहुणे आले. भूपेंद्रची आई सुलोचनाबाई पुढं, वडील प्रभाकरराव मागं. या दोघांचे लग्नाच्या वेळी छत्तीसपैकी चौतीस गुण जुळले होते. तेव्हापासून प्रभाकररावांना बोलायची संधी फारशी मिळाली नव्हती. आपली बाजू भक्कम असावी म्हणून मधुकररावांनी अण्णाजींनाही बोलावून ठेवलं होतं, आणि तीच चूक झाली.

सुलोचनाबाई नकार पदरात बांधूनच आल्या होत्या. पण लाल गोल आणि पेपरातली बातमी शेजारी शेजारी पाहून त्या चकितच झाल्या. पेपरात आलं म्हणजे खोटं कसं असेल? त्यांचा विश्वास बसला, आणि वाजवीपेक्षा जास्तच बसला.

"महाराज, याचा वार कोणता?"

अण्णाजी अडखळले. सातही वार आधीच वाटून झाले होते. "रविवार दुपारून," ते म्हणाले. "सकाळ सूर्याची."

"अन् दान काय कराचं? मंगळाले मसूर, शनीले तीळ. याले?"

"सोयाबीन," अण्णाजींनी ठोकून दिलं. या भागात त्याला तोटा नव्हता.

सुलोचनाबाईंनी मान डोलावली आणि पर्समधून दुसरा कागद काढला. "मंग आता आमच्या भूपेंद्रच्या पत्रिकेतही मांडून द्या. पोरीच्या पत्रिकेत हाय, तर पोराच्याही असंलच ना जी."

आता माघार घेणं शक्य नव्हतं. अण्णाजींनी पुन्हा पेरं मोजली. मोजता मोजता त्यांच्यातला प्रामाणिक जोतिषी जागा झाला आणि सगळा घोटाळा झाला. "सातव्या घरात," ते कपाळाला आठ्या घालून म्हणाले. "लग्नाच्याच घरात बसला. अन् इथं त्याच्यावर नजर ठेवाले कोणी नाई. दोष हाय."

आता खरं तर मधुकररावांनी हसून विषय बदलायला हवा होता. हा ग्रह त्यांनीच तर खिशात घालून आणला होता! पण तीन स्थळांनी केलेला अपमान माणूस सहज विसरत नाही. ते खुर्चीत मागं रेलले. आजवर मुलाकडची मंडळी जशी घसा खाकरायची, तसाच त्यांनी खाकरला.

"असं हाय तर… आमाले विचार करा लागंल."

"काय?" सुलोचनाबाई उभ्याच राहिल्या. "कशाचा विचार?"

"एकुलती एक पोरगी हाय आमची. पोरगा सदोष हाय म्हटल्यावर…"

"माह्या पोराले सदोष म्हणता? घरात मंगळ पोसून? चाल रे भूपेंद्र!"

भूपेंद्र उठला नाही. त्यानं मयुरीकडे पाहिलं. मयुरीची आई सीताबाई पोह्यांचा ट्रे घेऊन आल्या होत्या, त्या दारातूनच नवऱ्याला डोळ्यांनी दटावत होत्या. पण मधुकरराव छताकडे बघत होते. ज्या लग्नासाठी त्यांनी आभाळ धुंडाळलं, ते त्यांच्याच हातानं मोडत होतं, आणि त्यांना पत्ता नव्हता. मयुरीला रडू यायला लागलं होतं. ते गिळून ती पुढं आली.

"महाराज, मंगळाचा दोष अठ्ठाविसाव्या वर्षी जाते म्हणता ना तुमी?"

"हो. शास्त्रच हाय तसं."

"मंग या ग्रहाचाही अठ्ठावीस वर्षांनी जात असंल."

"जाईल ना. पण त्याले अजून चार वर्षं…"

"त्याच्या घरचं वर्ष तेरा दिवसांचं हाय. पेपरात लिहिलं हाय. तेरा अठ्ठे…"

सुलोचनाबाईंनी तेरा दिवस ऐकताच सुतकाच्या नावानं कानावर हात ठेवले. पण भूपेंद्र बियाण्यांच्या दुकानातला, गुणाकारात पक्का. "अठ्ठावीस तेरं तीनशे चौसष्ट," तो म्हणाला. "म्हणजे आई, माहा दोष मी वर्षाचा झालो तवाच संपला."

"अन् माहाही," मयुरी म्हणाली.

सगळ्यांनी अण्णाजींकडे पाहिलं. वर्षात दोष संपला तर ग्रहाची नजरही संपली, मग मंगळाकडे कोण बघणार, हे त्यांच्या जिभेवर आलं होतं. पण सीताबाईंनी वेळ ओळखून त्यांच्या तोंडात ट्रेमधलं गोरसपाकाचं अख्खं बिस्कीट कोंबलं.

सुलोचनाबाई मात्र बोटं मोजत खाली बसल्या होत्या. "पोरी, मंग त्या हिशोबानं तुहं वय किती झालं वं?"

"पाचशे साठच्या वर."

"माय वं!" त्या मधुकररावांकडे वळल्या. "पाचशे साठ वर्षांची पोरगी घरात बसवून ठेवली, अन् वरून म्हणता विचार करा लागंल! लाज नाई वाटत?"

मधुकरराव गडबडून उभे राहिले. हे वय त्यांनाही पटलं होतं. तीन नकार पचवताना दर वेळी त्यांना पोरीचं वय शेकड्यानं वाढल्यासारखं वाटलं होतं. "नाई ताई… तुमी म्हणान ती तारीख," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. तेरा तारखेला सुलोचनाबाईंनी साफ नकार दिला, म्हणून बारा मे ठरली. मयुरी आत पळाली आणि भूपेंद्रनं आईचं लक्ष नसताना सुटकेचा मोठा निःश्वास सोडला.

गोरसपाक फिरलं, पन्हं फिरलं. तेवढ्यात आल्यापासून गप्प बसलेले प्रभाकरराव पेपर खाली ठेवून म्हणाले, "मी काय म्हणतो…"

सगळे दचकले.

"तिथं माणसं असू शकते म्हणते यात. मंग त्यायचंही जोतिष असंल. अन् त्यायच्या पत्रिकेत आपली पृथ्वी असंल."

"असंल की," सुलोचनाबाई म्हणाल्या. "मंग?"

"म्हणजे आपल्यापायी तिथं कोण्या पोरीचं लग्न अडलं असंल."

मधुकररावांनी हातातला घास बशीत ठेवला. तिकडच्या कुठल्या तरी बापाला तिसऱ्या दिवशी निरोप आला असेल, तोही आपल्यामुळं, हे त्यांना अगदी डोळ्यांपुढं दिसलं. त्यांना मनापासून वाईट वाटलं.

"महाराज," ते म्हणाले, "त्या पोरीसाठी काही उपाय?"

अण्णाजींनी हात पुसले, चष्मा लावला आणि पंचांग उघडलं.

"उपाय हाय ना," ते म्हणाले. "फक्त जन्मवेळ अचूक पाहिजे."