राणीच्या तंबूतला रनर

ऑर्विल प्रूइटच्या मते जगात दोनच गोष्टी कधी चुकत नाहीत. एक सूर्योदय, आणि दुसरा तो स्वतः. "मी वेशभूषा-अन्वेषक," ओहायोतल्या थिसलकोमच्या जत्रेत शिरणाऱ्या प्रत्येकाला तो सांगे. "नजर घारीची, नाक शिकारी कुत्र्याचं, मेंदू मात्र माझा." सोमवार ते शुक्रवार तो भांडी धुण्याची यंत्रं दुरुस्त करी, पण तो विषय जत्रेच्या कुंपणाबाहेरचा होता.

कुंपणाच्या आत सगळे जुन्या राजदरबाराची सोंगं घेऊन वावरत, आणि साल असे पंधराशे नव्वद. तिथे प्लास्टिकचं बटण हा गुन्हा, आणि नायलॉन म्हणजे महापाप. ऑर्विलची मेहुणी लोर्ना त्याची मदतनीस होती. वही घेऊन त्याच्या मागून चालायचं आणि त्याने ज्यांचा अपमान केला त्यांची माफी मागायची, हे तिचं काम. वही बरेचदा कोरीच राही, माफी मागण्यातून सवड मिळत नसे.

त्या शनिवारी सकाळी ऑर्विलने राणीच्या तंबूत गुडघ्यांवर रांगत सगळ्यांचे जोडे तपासले. दुपारी त्याच तंबूत, सिंहासनाखाली, दासीला एक पितळी वस्तू सापडली. कपड्याची चेन वरखाली करतो तो रनर.

"चेन!" ऑर्विल ओरडला. "चेनचा शोध लागायला अजून तीनशे वर्षं आहेत, लोर्ना!"

"मग चोर पुढच्या काळातून आलाय, भावोजी."

"लिही ते," ऑर्विल म्हणाला.

पहिला संशय मठातल्या साधूवर. झगा पायघोळ, त्या अर्थी लपवायला काहीतरी असणार. झग्याखाली फुटबॉल संघाची बनियन आणि इलॅस्टिकची चड्डी निघाली. मग जल्लाद. तोंड झाकतो म्हणजे मनात पाप.

"मला उन्हानं पुरळ येतं हो," जल्लाद रडवेला झाला. "डॉक्टरांनीच सांगितलंय झाकायला."

लोर्नाने दोघांची माफी मागितली आणि जल्लादाला मलम दिलं.

तपासभर लोक मात्र ऑर्विलकडे आदराने बघत होते. त्याच्या विजारीला समोरच एक चीर होती आणि तिच्यातून लाल चौकड्यांचं कापड डोकावत होतं. त्या काळचे शौकीन कपड्यांना चिरा पाडून आतलं कापड बाहेर ओढत, हे जत्रेत सगळ्यांना तोंडपाठ. "काय बारकावा आहे!" असं कुजबुजत तीन दरबाऱ्यांनी आपापल्या विजारीत लाल रुमालही खोचले. लोर्नालाही तो भावोजींचा अभ्यासच वाटला.

"आता एकच जागा उरली," ऑर्विल म्हणाला. "राणीचा झगा. चेन अस्तरात लपवलीय. कात्री दे."

विनिफ्रेड हॅस्केल राणीच्या पुढ्यात आडवी आली. बासष्ट वर्षांच्या या शिंपिणीने आठ महिने खपून तो झगा शिवला होता, एकेक टाका हाताने. चार वाजता परीक्षक येणार होत्या. पहिल्या बक्षिसाची निळी फीत मिळाली तर पुढच्या वर्षी सगळ्या दरबाराचे कपडे विनिफ्रेड शिवणार होती, नाहीतर पुन्हा पडदे आणि उशांचे अभ्रे.

"ऑर्विल, अस्तर उसवलंस तर चारपर्यंत माझ्याच्यानं परत शिवून होणार नाही."

"सत्याला टाके नसतात, बाई."

लोर्नाने कात्री पाठीमागे लपवली. आज तिला भावोजींचा खराखुरा राग आला होता. "आधी माझा हात कापा," ती म्हणाली.

तेवढ्यात टर्कीची तंगडी चावत एक बाई तंबूत डोकावली. अर्धी चड्डी, गॉगल. जत्रेला पहिल्यांदाच आलेली.

"ओ, पिसाच्या टोपीवाले," ती म्हणाली. "तुमचं पोस्ट ऑफिस उघडं आहे."

ऑर्विलने खाली पाहिलं. लोर्नाने पाहिलं. राणीनेही पाहिलं. चेनचे दोन्ही काठ होते, रनर नव्हता.

"तुमची विजार... चेनची?" लोर्ना म्हणाली.

"बघितलंस?" ऑर्विलने टोपी समोर धरली. "गुन्हेगार सकाळपासून माझ्या नजरेखालीच होता."

प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण चार वाजता ऑर्विलने टोपी उचलून मुजरा केला, आणि परीक्षक बाईंनी त्याला नीट न्याहाळून दोनशे माणसांपुढे निकाल वाचला. "झगा सुंदर आहे. पण निळी फीत श्री. प्रूइट यांच्या विजारीला. पुढच्या चिरेतून अस्तर काढण्याची ही पद्धत मी आजवर फक्त चित्रांत पाहिली होती."

टाळ्या कडाडल्या. विनिफ्रेडने मान खाली घातली आणि सुईदोरा पेटीत भरायला घेतला. ऑर्विल मंचावर चढला. बाईंनी फीत पुढे केली. आयुष्यभर तो याच क्षणाची वाट बघत होता, आणि गप्प बसायला त्याला एक पैही पडणार नव्हती. त्याने लोर्नाकडे पाहिलं. ती यावेळी माफी मागायला पुढे येणार नव्हती.

"बाई," ऑर्विलने घसा खाकरला, "ते अस्तर नाही."

"मग काय आहे?"

"चड्डी. माझी चेन तुटलीय."

तीन दरबारी हळूच पाठमोरे झाले. बाईंनी चष्मा लावला, वाकून खात्री करून घेतली, आणि फीत विनिफ्रेडला नेऊन दिली.

विनिफ्रेडने डोळे पुसले आणि मंचावरच्या ऑर्विलला खूण केली.

"विजार काढून ठेव," ती म्हणाली. "बटणं लावून देते. तोवर साधूचा झगा माग, आणि मागताना माफीही तूच माग."