कपाट हटवून यादी सोडविल्याची हकीकत

सकळ कास्तकार मंडळींचे सेवेशी विनंती ऐसी की, कापूस अनुदानाची यादी सरकारी कपाटामागे कैद होती, ती आक्कांनी कैसी सोडविली याचे वर्तमान साद्यंत लिहिले आहे, सावधपणे वाचावे.

आक्का म्हणजे चार एकर कापसाच्या धनीण. त्यांस कचेरीतून पत्र आले की, तुमचे शेतात कापूस आढळला नाही, सबब अनुदान नामंजूर. अपील करणे असेल तर मंजूर यादीतील एका शेताचा दाखला देऊन महिन्याभरात करावे. पत्र आले तेव्हा आक्का कापूसच वेचीत होत्या. त्यांस संताप आला आणि रडूही आले, मग मुदतीचे अखेरचे दिवशी त्यांनी धाकट्या जाऊबाईंस संगती घेतले. उभयतांत बांधावरून तीन वर्षे अबोला होता, परंतु जाऊबाईंसही तेच पत्र आल्यामुळे तत्काळ सख्य जाहले.

चारांचे सुमारास फौज कचेरीत दाखल जाहली. खासे साहेब खोलीचे दार लोटून चहा घेत होते. त्यांनी शिपाईमामांकरवी आज्ञा पाठविली की, यादी नियमाप्रमाणे भिंतीवर लाविली आहे, कारभार पारदर्शक आहे, ज्यास पाहणे त्याने पहावी. आक्कांनी चारही भिंती धुंडिल्या. हरवलेल्या छत्रीची सूचना सापडली, यादीचा मागमूस नाही. मग मामांनी इकडेतिकडे पाहून लोखंडी कपाटाकडे बोट केले.

"मागं आहे. आधी यादी लावली, मग कपाट लावलं."

"आणि बघायची कशी?"

"लावायचा नियम आहे, आक्का. बघायचा नाही."

कपाट मोठे बुलंद, आत दहा सालांचे अर्ज ठासलेले. साडेचार वाजले. आक्कांनी पदर खोचला, जाऊबाईंनी चपला काढिल्या आणि रांगेतील मंडळी कुमकेस आली, मग सर्वांनी एकच जोर केला. कपाट कुरकुरत डावीकडे सरले आणि साहेबांचे बाहेर उघडणाऱ्या दारावर ठाण मांडून बसले. साहेब चहासुद्धा आत राहिले.

आक्कांनी चष्मा पुसून पहिले कलम मोठ्याने वाचिले. बारा एकर, पीक कापूस, धनी साहेबांच्या सासूबाई. पुढे गट नंबर.

"अगं बाई, ही तर दगडखाण!" जाऊबाई ओरडल्या. "तिथले सुरुंग माझ्या ओट्यावरची भांडी हलवतात!"

आतून हुकूम सुटला की, कपाट या क्षणी हटवावे. आक्कांनी दोन्ही अपिलांवर सदर दगडखाणीचा दाखला लिहिला आणि कागद दाराखालून आत सारले, मग कळविले की, आधी पोचपावती, मागून कपाट. साहेबांस दरदरून घाम फुटला. पाचास सात मिनिटे कमी असता शिक्क्यानिशी दोन पावत्या बाहेर आल्या. जाऊबाईंनी आक्कांस भर कचेरीत मिठी मारिली.

मग साहेबांनी मामांच्या नावे पाच हाका मारिल्या. परंतु मामा यादीपुढे खिळले होते. तेविसावे कलमी त्यांचेच नाव होते: नऊ एकर कापूस, रक्कम अदा. मामांपाशी जमीन म्हणावी तर खिडकीतली तुळशीची कुंडीही नव्हती. मामांनी ते कलम दोनदा वाचिले आणि स्टूल ओढून कपाटास पाठ लाविली, मग साहेबांस अदबीने कळविले की, "बसा जरा."

येणेप्रमाणे यादी, लागल्यापासून अकरावे महिन्यात, लोकांनी वाचिली. फत्ते जाहली, ते येथे रुजू केले असे.