दोन बाट वजनाचा फासा

थायलंडमधल्या पेचबुरीचा सोनार बुनसोंग याने मुलाच्या साखरपुड्यासाठी दोन बाट, म्हणजे तीसेक ग्रॅम वजनाची सोन्याची साखळी घडवली, यात कायद्याच्या दृष्टीने काहीच गैर नव्हतं. वजन मुलीकडच्यांशी ठरलेलं. मुहूर्त भिक्खूंनी दिलेला, गुरुवार, सकाळी नऊ वाजून नऊ मिनिटं. साखळीची टोकं अडकवायच्या फाशावर दुकानाचा छाप उठवायचा हा तिथला जुना रिवाज, तोही त्याने पाळला. चूक एवढीच झाली, की नव्या फासा नियमन कार्यालयात तो आपल्या पायांनी गेला.

कारकून वानिदाबाईंनी भिंग लावलं. "काका, छाप एकच? आमचा कुठाय?"

"जागा कुठंय बाई? फासा तांदळाच्या दाण्याएवढा."

"मग मोठा करा. जागा नाही म्हणून नियम थांबत नसतो."

वजन दोन बाटच राहायला हवं होतं. म्हणून बुनसोंगने साखळीच्या चार कड्या वितळवून फाशाला लावल्या. कार्यालयाचा छाप बसला. मग तपासणी शाखेचा बसला, मग तो खरा असल्याचा. फाशावर पुरेशी जागा असल्याचा छाप मारायला नेमकी जागा उरली नाही, म्हणून आणखी कड्या गेल्या. बुधवारी फासा पुरीएवढा झाला आणि साखळी संपली.

बायको लाम्यायने कपाळावर हात मारला. "अहो, साखळी कुठाय?"

"नियमावलीत साखळीचा उल्लेखच नाही. तीनदा वाचली मी."

"मुलीच्या बापाने बजावलंय, दागिन्यात खोट निघाली तर वरात परत! पोराचं लग्न मोडलं ना, तर पाची बोटांचा छाप मी उठवीन तुमच्यावर!"

गुरुवारी लांब ढोल वाजवत वरात पोचली. मुलीच्या वडिलांनी, निवृत्त हेडमास्तरांनी, तबकातला फासा उचलून चष्मा लावला. बुनसोंगचा जीव टांगणीला लागला. हेडमास्तर एकेक छाप मोठ्याने वाचू लागले. शेवटचा वाचून त्यांनी फासा सगळ्यांसमोर उंच धरला.

"सात! थोरल्या जावयाने आणलेल्यावर एकच होता हो!"

बायका फोटोसाठी पुढे सरसावल्या. मान वाकवून बसलेली नवरी पिकुन तेवढी म्हणाली, "बाबा, पण हे गळ्यात घालायचं कसं?"

"गप्प बस. हातात धर, छाप दिसू देत."

बुनसोंगने सुटकेचा निःश्वास टाकला. लग्न ठरलं, आणि पाच जणींनी तिथंच तसल्या फाशांची मागणी नोंदवली.

हसू नका. तुमच्या दिवाणखान्यात पोराची सात प्रमाणपत्रं चौकटीत टांगलेली आहेत. पोराला येतं काय, हे तुम्ही तरी कधी विचारलंत?