लांब श्वासाचा मानकरी

शिंप्याचा हिशेब सरळ होता. श्वासाच्या वर्गाला गेलं की झोप लागणार, झोप लागली की कात्री नीट चालणार, आणि कात्री चालली की उरलीसुरली गिऱ्हाइकं टिकणार. बायको गेल्यापासून त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. जन्मभर तिच्या घोरण्याच्या नावाने त्याने बोटं मोडली. आता घर इतकं गप्प झालं होतं, की नळ ठिबकला तरी सोबत वाटे. परवा तर वकिलाच्या कोटाला त्याने दोन्ही बाह्या डाव्या लावल्या.

"मास्तर, मी कोर्टात उभा राहू कसा? एकीकडे तोंड करून?" वकील तणतणत गेला.

मग लेकीने मागच्या गल्लीतला वर्ग शोधून काढला.

"बाबा, तुमचं नाव घातलंय. जायचं!"

"श्वास घ्यायला वर्ग कशाला? इतकी वर्षं काय उसना घेत होतो?"

"जा हो गुपचूप!"

छापखान्यावरच्या ओल धरलेल्या खोलीत दहा-बारा सुतकी चेहरे चटयांवर बसले होते. शिकवणाऱ्या निवृत्त नर्सबाईंनी नियम सांगितला, "डोळे मिटायचे. बोलायचं नाही, कुणाला हात लावायचा नाही. ज्याचा श्वास सगळ्यांत लांब, त्याच्या तालावर बाकीच्यांनी श्वास घ्यायचा."

शिंप्याने डोळे मिटले. कितीतरी दिवसांनी त्याच्या आसपास कुणीतरी श्वास घेत होतं. दुसऱ्याच मिनिटाला तो घोरू लागला.

असा लांब, खर्जातला श्वास वर्गात कुणी कधी ऐकला नव्हता. डोळे उघडायचे नाहीत, म्हणून पाहिलं कुणीच नाही. आणि नियम म्हणजे नियम. हळूहळू सगळी खोली त्याच्या तालावर घरघरू लागली.

शिंपी जागा झाला, तर समोर सगळे हात जोडून!

"अहो, मला झोप लागली होती!"

"बघा, किती साधेपणा!" नर्सबाई गहिवरल्या. "उद्यापासून माझ्या जागी तुम्हीच बसा."

"बाई, खरंच मी घोरत होतो."

तेवढ्यात कोपऱ्यात बसलेली, स्टेशनवरची तिकीटखिडकीवाली डोळे पुसत म्हणाली, "काका, माझा मुलगा गेल्यापासून आज पहिल्यांदा छाती मोकळी झाली. याल ना उद्या?"

यावर नाही कसं म्हणणार?

दुसऱ्या दिवशी शिंपी समोर बसला. समोर बसलेल्या माणसाला झोप कुठली लागायला! पण सगळे वाट बघत होते. शेवटी त्याने टक्क उघड्या डोळ्यांनी घशातून खोटी घरघर काढली. एकेक मान कलंडली. तिकीटखिडकीवाली तर चटईवर आडवीच झाली. मध्येच त्याला ठसका लागला, तशी ती झोपेत दचकली. त्याने घाईघाईने ताल पुन्हा धरला.

हल्ली वर्ग दाटीवाटीने भरतो. नर्सबाईसुद्धा भिंतीला टेकून गाढ झोपतात. सगळ्यांची झोप वसूल होते. जागरण तेवढं शिंप्याच्या खात्यावर पडतं.