सोनईची मुलगी पसंत

तहसीलदार श्रीमंतराव कराळे फोनवर बोलू लागले की कचेरीसमोरचा चहावाला गिऱ्हाइकांना गप्प बसायला सांगे. नगरची लाइन इतकी मंद, की साहेबांना ओरडूनच बोलावं लागे. त्यामुळे कुणाच्या लपवलेल्या धान्यसाठ्यावर छापा पडणार, हे पोलिसांच्या आधी त्या व्यापाऱ्याला कळत असे. साल बहात्तरचं, दुष्काळाचं. खडी फोडणाऱ्या बायामाणसांना ज्वारी मिळत नव्हती, आणि प्रत्येक छापा रिकाम्या खोल्या पाहून परत येत होता.

शेवटी नगरच्या मोठ्या साहेबांनी कराळ्यांना बोलावून बजावलं, "यापुढं फोनवर सांकेतिक भाषा. साठा म्हणजे मुलगी. छापा म्हणजे मुलगी पाहणं. साठा सापडला तर 'लग्न जमलं' म्हणायचं, ट्रक मी पाठवतो. आणि या वेळी जमलं नाही, तर तुमची बदली!"

कचेरीत परतताच कराळे फोनवर गरजले, "साहेब, उद्या सोनईच्या भिमाजीशेटची मुलगी पाहायला जातोय! सोबत पोलीस... म्हणजे, पाहुणे आहेत!"

दुपारपर्यंत बातमी सोनईला पोचली. पंचाईत अशी, की भिमाजीशेटला चांगुणा नावाची लग्नाची मुलगी खरोखरच होती.

"मामलेदार आपल्या दारी येनार!" भिमाजी बायकोला म्हणाला. "बैठक माजघरात घाल."

"माजघरात ज्वारीची पोती हायती न्हवं? पार आढ्याला लागल्यात," राहीबाई म्हणाली.

"मग हलवू की कडब्याच्या गंजीत. सरकारी पाव्हना पोत्यांवर बसवतीस काय?"

इकडे तीच बातमी तहसीलदारांच्या बंगल्यातही शिरली. मालनबाईंनी नवऱ्याला दारातच अडवलं. "मुलगी कुणासाठी बघताय?"

"ते सरकारी गुपित आहे."

"मला सवत आणताय, आणि ते सरकारी गुपित?"

"तुझ्या भावासाठी," असं कराळ्यांच्या तोंडून निघून गेलं. दुसऱ्या दिवशी मालनबाई ठेवणीतलं लुगडं नेसून जीपमध्ये पुढं बसल्या आणि फौजदार मागं अंग चोरून बसले.

भिमाजीनं पोलिसांना ओळीनं बसवून पोहे दिले. कराळे पोहे बाजूला ठेवून उठले. "घर जरा आतून बघायचंय."

"बघा की! लपवायचं काय हाय आमच्यात?"

माजघर, माळा, बळद, सगळं पाहून झालं. काही नाही. परसात कडब्याची गंज तेवढी दिसली.

"एवढ्या दुष्काळात एवढा कडबा?"

"जनावरांवर लई माया हाय, साहेब."

आत चांगुणानं मालनबाईंना हळूच विचारलं, "ह्या समद्या पोलिसांची लग्नं व्हायचीत व्हय?" मालनबाईंना इतकं हसू आलं, की पोरगी त्यांनी तिथंच पसंत करून टाकली आणि राहीबाईला तसं सांगूनही टाकलं.

घरी येऊन कराळे डोक्याला ओला फडका बांधून आडवे झाले. फोन मालनबाईंनी उचलला.

"लग्न जमलं का?" पलीकडून मोठ्या साहेबांनी विचारलं.

"जमलं तर! अगदी पक्कं झालं."

"शाब्बास! ताबडतोब ट्रक पाठवतो."

'काय देवमाणूस! वऱ्हाडाची सोयसुद्धा करतोय,' मालनबाईंना वाटलं. संध्याकाळी चहा देताना त्यांनी हे कौतुकानं नवऱ्याला सांगितलं. कराळे फडक्यासकट जीपकडं धावले.

सोनईला पोचून पाहतात तो गंज मोडलेली, दारात सरकारी ट्रक, आणि भिमाजी स्वतः हमालांवर ओरडत पोती चढवतोय.

"आलात व्हय, पाव्हनं?" भिमाजी हसत पुढं आला. "ट्रक दिसलं तवाच वळखलं. मोठी मानसं तोंडानं कशी मागत्याल? लग्नाचा शिधा हाय, घिऊन जावा. रिकामं ट्रक माघारी धाडून सोयऱ्यांत तोंड काय दाखवू?"

कराळे डोक्याचा फडका सोडत म्हणाले, "मागं एखादं पोतं राहिलं नाही ना, तेवढं बघा."

ती ज्वारी सोनईच्याच शिवारात, खडीच्या कामावर वाटली गेली. बायांनी पदरात घेऊन नेलेली ज्वारी कुणाची, हे भिमाजीनं पाहताक्षणी ओळखलं. तो तडक बंगल्यावर आला. पण तक्रार करायची म्हटली तर पोती आपली होती, हे आधी कबूल करावं लागणार. मालनबाईंनी दिलेला चहा तो किती तरी वेळ फुंकत बसला.

"साहेब," अखेर तो म्हणाला, "ज्वारीचं म्या काय बोलत न्हाई. आता लग्नाची तारीख तेवढी काढा."

नगरहून शाबासकीचा फोन आला. सांकेतिक भाषा उत्तम चालली, असं मोठ्या साहेबांचं मत पडलं. आता लग्नाची बातमी ठाऊक नसलेला माणूस एकच उरला होता, सुप्याला राहणारा मालनबाईंचा भाऊ. तेवढं गुपित मात्र कुठूनही फुटलं नव्हतं.