जिंतूरकरांचा चेलो

गोविंदराव जिंतूरकरांनी कोऱ्या फॉर्मवर सही करून दिली आणि मी त्यांना न विचारता त्यात ‘मुंबई राज्य’ असं भरलं. हैदराबाद राज्याची तीन तुकड्यांत वाटणी चालली होती आणि कोण कुठं जाणार, हे सरकार नोकरदारांना विचारत होतं. मराठी माणूस, मराठी मुलूख. त्यात विचारायचं काय? औरंगाबादचा हुकूम आला तेव्हा हैदराबादच्या आमच्या दफ्तरात पेढेही मीच वाटले.

गोविंदराव आमच्याकडे जुने कागद सांभाळत. त्याआधी फौजेच्या बँडात होते. बँड मोडला, चेलो तेवढा त्यांच्यापाशी राहिला. चेलो म्हणजे छातीपर्यंत येणारं व्हायोलिन, गुडघ्यांत धरून वाजवायचं. हॉलमध्ये ते कधी वाजवत नसत. “तिथं लोक खोकतात हो. नक्को.” कुणाच्याही घरी गेले की चहाच्या आधी, आवाज कुठं घुमतो ते बघत भिंतींवर टिचक्या मारत हिंडायचे. विद्यानगरात एका वकिलांच्या न्हाणीघरात त्यांनी तासभर वाजवलं. वकील बाहेर टॉवेल गुंडाळून उभे. हिमायतनगरला आमच्या जिन्याखाली बसले, तेव्हा वरच्या काकू “म्हैस अडकली की काय?” म्हणत धावत खाली आल्या.

वाटणी सुरू झाली, मराठी बिऱ्हाडं निघाली. सामान टांग्यात चढलं की गोविंदराव चेलो घेऊन हजर. “सामान गेलं की घर मोकळं बोलतं,” म्हणायचे. रिकाम्या खोलीत गोणपाटावर बसून वाजवायचे आणि घरची बाई दारात पदर तोंडाला लावून उभी. एकदा टांगेवाल्यानं मला हळूच विचारलं, “कौन गुजर गया, साब?”

तर पेढा. तो गोविंदरावांनी खाल्ला नाही. टेबलावर ठेवला.

“कुणाला विचारलंत?”

“तुमच्या भल्यासाठीच मी...”

“हौले आहात.”

हौला म्हणजे खुळा. एरवी ते सगळ्यांनाच हौले म्हणत, पण हसून.

मी साहेबांकडे धावलो. हुकूम निघाला तो निघाला, असं साहेब म्हणाले.

जायच्या दिवशी मदतीला म्हणून गेलो. खोलीत एक वळकटी, एक ट्रंक. चेलो नव्हता. शेजारच्या घरातून गोविंदरावांचा आवाज आला, म्हणून तिकडं गेलो. तिथं त्यांच्या बँडमास्तरांची विधवा राहायची. सगळे त्यांना आपा म्हणत. डोळे गेलेले. चेलो मास्तरांचा होता, हे मला तेव्हा कळलं. मास्तर वारले तेव्हा आपांनी तो गोविंदरावांना दिला, रोज संध्याकाळी आपल्यापुढं वाजवायचा या एकाच अटीवर. एकही संध्याकाळ चुकली नव्हती.

“ले जाओ ना, गोविंद,” आपा म्हणत होत्या.

“नक्को, आपा. वहाँ किसकू सुनाऊँ?”

त्यांनी चेलो आपांच्या खाटेला टेकवला, आपांचा हात धरून तारांवर ठेवला आणि माझ्याकडे न बघता सामान उचलायला निघून गेले.

काहीतरी बोलणं भाग होतं. माझ्या स्वतःच्या फॉर्मात मी इथंच राहायचं भरलं होतं. “आपा, कुछ भी लगा तो बोलना. मैं यहींच हूँ.”

त्यांनी आवाजाच्या रोखानं मान वळवली. “तुम वोइच ना, फारम भरे सो?”

“जी.”

“बजाना आता तुमकू?”

“नहीं, आपा.”

“तो तुमीच चले जाना था.”